ॲबोरिजिनल चित्रांचा गालिचा : घरासाठी आणि वर्गासाठी निवडताना, वापरताना, जपताना

ऑस्ट्रेलियातील बालवाड्या, शाळा आणि घरे यांत ॲबोरिजिनल, म्हणजे त्या देशाच्या मूळनिवासी लोकांच्या, चित्रांचे गालिचे आता सर्रास दिसतात. तेथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही ते हौसेने घेतात, आणि बालशिक्षणाच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांवर तर वर्गासाठी असा गालिचा निवडण्याची जबाबदारीच येऊन पडते. दुकानात बोलणे सुरू होते ते माप, रंग आणि किंमत यांवरून. माझ्या मते हे तिन्ही प्रश्न नंतरचे आहेत. गालिच्यावरचे चित्र कोणाचे आहे, आणि ते जमिनीवर अंथरले जावे, त्यावर माणसांनी चालावे, बसावे, याला त्या चित्राच्या धन्याची संमती आहे का, हा प्रश्न पहिला. त्याचे नीट उत्तर मिळेपर्यंत पुढची चर्चा करू नये. पुढील मार्गदर्शन त्याच क्रमाने लिहिले आहे.

एक सूचना आधीच देणे योग्य ठरेल. अनेक ॲबोरिजिनल समाजांत मृत व्यक्तीचे नाव घेण्याबाबत आणि तिचे छायाचित्र दाखवण्याबाबत संकेत पाळले जातात. या लेखात दिवंगत कलावंतांची नावे आली आहेत.

संमतीचा प्रश्न इतका महत्त्वाचा का

1994 साली ऑस्ट्रेलियाच्या फेडरल कोर्टाने एका खटल्याचा निकाल दिला. तेथील कायद्याचे अभ्यासक त्याला आजही ‘गालिच्यांचा खटला’ म्हणूनच ओळखतात. पर्थमधील एका आयातदार कंपनीने व्हिएतनाममध्ये विणलेले गालिचे देशात आणले होते आणि त्यांवर नामवंत ॲबोरिजिनल कलावंतांची चित्रे उतरवलेली होती. ही चित्रे राष्ट्रीय कलासंग्रहालयाच्या एका चित्रसंचातून आणि एका सरकारी दिनदर्शिकेतून उचललेली होती. कलावंतांना कोणी विचारले नव्हते. तरीही गालिच्यांना लटकवलेल्या चिठ्ठ्यांवर मानधन दिल्याचा उल्लेख होता. जॉर्ज मिलपुरुरू, बांडुक मारिका, टिम पायुंका जापांगाटी आणि पाच दिवंगत कलावंतांचे प्रतिनिधी यांनी दाद मागितली. न्यायालयाने 1,88,640 ऑस्ट्रेलियन डॉलरची भरपाई ठरवली, उरलेले गालिचे कलावंतांच्या हवाली करण्यास सांगितले आणि भरपाईची रक्कम सगळ्यांना मिळून एकत्रित दिली, म्हणजे ती आपल्या रीतीने वाटून घेण्याची मुभा त्यांना राहिली.

गालिचा घेणाऱ्याने या खटल्यातली बांडुक मारिका यांची साक्ष विशेष लक्षात ठेवावी. त्या उत्तर ऑस्ट्रेलियातील आर्नहेम लँडच्या ईशान्य भागातील यिरकाला गावच्या, रिराजिंगू कुळातल्या. त्यांच्या चित्रात एक पवित्र पाणवठा आणि जांडा नावाची घोरपड होती. हा विषय त्यांच्या कुळाच्या सृष्टिकर्त्या पूर्वजांच्या कथेशी जोडलेला होता आणि तो रेखाटण्याचा अधिकार त्यांना वारशाने मिळाला होता. अशी कथा पायांखाली तुडवली जाणे हे त्या प्रतिमेच्या मूळ उपयोगाच्या पूर्णपणे विरुद्ध आहे, असे त्यांनी न्यायालयाला सांगितले. शिवाय अशा चित्राचा गैरवापर झाला, तर आपल्या नकळत झाला असला तरी कलावंताला कुळापुढे जाब द्यावा लागतो. म्हणून न्यायालयाने बुडालेल्या मानधनाबरोबर सांस्कृतिक दुखावणुकीचीही भरपाई धरली. लग्नघरात सुवासिनींनी भिंतीवर लिहिलेला वारल्यांचा देवचौक कोणी पायपुसण्यावर छापून विकला, तर त्या घराला काय वाटेल याची कल्पना आपण सहज करू शकतो.

याचा अर्थ ॲबोरिजिनल चित्र जमिनीवर कधीच नको, असा मात्र नाही. मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी प्रदेशातील चित्रपरंपरेचे एक मूळ जमिनीतच आहे. विधींसाठी जमिनीवर मोठी चित्रे मांडली जातात आणि विधी संपला की ती पुसली जातात. बायका मुलांना गोष्ट सांगताना बोटांनी वाळूत खुणा काढत जातात. दक्षिण ऑस्ट्रेलियातील पुकाजा वस्तीत 1948 साली सुरू झालेल्या एर्नाबेला कलाकेंद्राचा आरंभच हातमागाच्या कापडाने आणि हाताने गाठी मारून विणलेल्या गालिच्यांनी झाला. त्या गालिच्यांवरची नक्षी ‘एर्नाबेला वाल्का’ या नावाने प्रसिद्ध झाली. गालिचा हा तिथल्या स्त्रियांचा स्वतःचा उद्योग होता. काय अंथरावे आणि काय अंथरू नये हे कथेच्या धन्यांनी ठरवायचे असते, आणि त्यांनी ठरवले आहे की नाही एवढे आपण तपासायचे असते.

पहिली पायरी : चित्राचा माग काढणे

खऱ्या गालिच्याबरोबर बहुधा एक माहितीपत्रक येते. त्यावर कलावंताचे पूर्ण नाव, भाषागट, गाव किंवा प्रदेश, चित्राचे नाव, त्यातील कथेचा सांगण्याजोगा भाग आणि कलाकेंद्राचे नाव असावे. ‘ॲबोरिजिनल शैली’, ‘आदिम कलेपासून प्रेरित’, ‘ठिपक्यांची पारंपरिक नक्षी’ असले शब्द असतील आणि माणसाचे नाव नसेल, तर तो गालिचा तिथेच सोडावा. नाव असेल तर ते कलाकेंद्राच्या यादीत आहे का ते पाहावे. युएंडुमूचे वार्लुकुर्लांगू (स्थापना 1985), पापुन्या टुला (स्थापना 1972), एर्नाबेला ही केंद्रे कलावंतांच्या स्वतःच्या मालकीची आहेत आणि आपल्या सदस्यांची नावे ती उघडपणे देतात.

त्यानंतर विक्रेत्याला थेट विचारावे : या चित्राचा परवाना कोणी दिला? मानधन प्रत्येक गालिच्यामागे मिळते की एकरकमी दिले? चित्र गालिच्यासाठी दिले जात आहे हे कलावंताला माहीत होते का, आणि नमुना त्यांनी पाहिला होता का? प्रामाणिक विक्रेत्याला ही उत्तरे तोंडपाठ असतात आणि असे विचारल्याचा त्याला रागही येत नाही. ‘इंडिजिनस आर्ट कोड’ ही आचारसंहिता मान्य केलेल्या विक्रेत्यांची यादी उपलब्ध असते, तीही पाहावी. शाळेच्या पैशांतून खरेदी होत असेल तर ‘सप्लाय नेशन’ या संस्थेकडे नोंदलेले मूळनिवासी व्यवसाय आधी धुंडाळावेत.

एवढी चौकशी जास्त वाटेल, पण बाजाराची स्थितीच तशी आहे. ‘बिरूबी आर्ट’ नावाच्या कंपनीने इंडोनेशियात बनवलेल्या वस्तू ऑस्ट्रेलियन ॲबोरिजिनल हातांच्या भासवून विकल्या, म्हणून 2019 साली तिला 23 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. ऑस्ट्रेलियाच्या प्रॉडक्टिव्हिटी कमिशन या सरकारी सल्लागार संस्थेने 2022 च्या अहवालात नोंदवले की मूळनिवासी शैलीच्या ज्या भेटवस्तू बाजारात विकल्या जातात, त्यांतल्या निम्म्याहून अधिक बनावट आहेत. कॉपीराइटचा कायदा एखाद्या ठरावीक चित्राला संरक्षण देतो, शैलीला देत नाही. त्यामुळे कोणीही ठिपके आणि वर्तुळे काढून गालिचा छापला, तर केवळ तेवढ्यावरून तो बेकायदा ठरत नाही. संगणकाने तयार केलेल्या ‘ॲबोरिजिनल’ प्रतिमांनी ही अडचण आणखी वाढवली आहे. जिथे कायदा हात टेकतो तिथे गिऱ्हाइकाचा प्रश्नच उपयोगी पडतो.

दुसरी पायरी : चित्र कोणत्या प्रदेशाचे

ऑस्ट्रेलियात वसाहतीपूर्वी अडीचशेहून अधिक भाषा बोलल्या जात होत्या, आणि चित्रांच्या रीतीही तितक्याच वेगवेगळ्या आहेत. ठिपक्यांची चित्रे प्रामुख्याने पश्चिम व मध्य वाळवंटाची. 1971 साली मध्य ऑस्ट्रेलियातील पापुन्या वस्तीच्या शाळेत जेफ्री बार्डन या शिक्षकाच्या प्रोत्साहनाने तिथल्या ज्येष्ठांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंगीची कथा रंगवली. फळ्यांवर आणि कॅनव्हासवर रंगवण्याच्या आधुनिक चळवळीला तिथून जोर आला. उत्तरेकडील आर्नहेम लँडमध्ये झाडाच्या सालीवर बारीक आडव्या-तिरप्या रेषांचे जाळे काढतात, त्याला पश्चिमेकडच्या भाषांत ‘रार्क’ म्हणतात. आग्नेयेकडे, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्समध्ये, ढाली आणि पॉसम या झाडावर राहणाऱ्या छोट्या प्राण्याच्या कातड्याच्या शाली यांवर कोरलेल्या रेषांची परंपरा आहे. तशा एकोणिसाव्या शतकातील दोन शाली मेलबर्नच्या संग्रहालयात जपलेल्या आहेत. टोरेस सामुद्रधुनीच्या बेटांवरचे लोक तर स्वतंत्र समाज आहेत आणि त्यांची कला वेगळी आहे.

वर्गासाठी याचा अर्थ असा की मेलबर्नमध्ये, म्हणजे वुरुंजेरी या मूळनिवासी लोकांच्या भूमीवर, भरणाऱ्या शाळेत वाळवंटातला गालिचा घालण्यास हरकत नाही, परंतु तो इथला नाही, हजारो किलोमीटर दूरच्या लोकांचा आहे, हे मुलांना स्पष्ट सांगायला हवे. शक्य असेल तिथे स्थानिक कलावंताच्या चित्राचाच गालिचा शोधावा. न्यू साउथ वेल्समध्ये स्थानिक ॲबोरिजिनल एज्युकेशन कन्सल्टेटिव्ह ग्रुप (शिक्षणविषयक सल्ला देणारा मूळनिवासी गट) आणि व्हिक्टोरियात कूरी एंगेजमेंट सपोर्ट ऑफिसर (कूरी म्हणजे तिथले मूळनिवासी) यांच्याशी शाळेने खरेदीपूर्वीच बोलावे. खरेदी झाल्यावर केवळ शिक्कामोर्तबासाठी त्यांच्याकडे जाणे बरे नव्हे.

चित्राची दिशाही इथेच पाहून घ्यावी. वाळवंटातील बरेचसे कलावंत कॅनव्हास जमिनीवर पसरून, त्याच्याभोवती फिरत, सर्व बाजूंनी रंगवतात आणि प्रदेश वरून पाहिल्यासारखा मांडतात. अशा चित्राला वर-खाली नसते, म्हणून गोल करून बसलेल्या मुलांपैकी कोणालाच ते उलटे दिसत नाही. प्राण्यांची किंवा माणसांची उभी आकृती असलेले चित्र मात्र एका बाजूनेच वाचता येते. ते भिंतीवर टांगणे अधिक चांगले.

तिसरी पायरी : विणकाम हाताने तपासणे

गालिच्याचा कोपरा उलटून पाहावा, कारण बरीचशी माहिती पाठीवरच मिळते. गाठी मारून विणलेल्या गालिच्याची नक्षी मागूनही पुढच्यासारखीच स्पष्ट दिसते आणि झालर ही ताण्याचेच पुढे आलेले धागे असते. टफ्टेड, म्हणजे कापडात धाग्याचे झुपके टोचून केलेल्या, गालिच्याच्या पाठीवर कापड चिकटवलेले असते आणि त्याखाली लेटेक्सचा थर असतो. तो काही वर्षांनी कोरडा पडून भुगा सोडू लागतो. छापील नायलॉनच्या गालिच्याचा रंग वरच्या बाजूला असतो, पाठीला रबरासारखे अस्तर असते आणि कडा शिलाईने बंद केलेल्या असतात.

चौथा प्रकार भारतीय वाचकाला जवळचा आहे. ॲडलेडचा ‘बेटर वर्ल्ड आर्ट्स’ हा व्यवसाय अनेक वर्षे ॲबोरिजिनल कलावंतांची चित्रे परवान्याने घेऊन काश्मिरी कारागिरांकडून साखळी टाक्यात भरून घेतो आणि विक्रीवर कलावंतांना मानधन देतो. या कामात सुती कापडावर आधी रेखाटन उतरवतात. मग आकडीच्या टोकाची आरी कापडातून खाली घालून लोकरीचा धागा फाशाने वर ओढतात, आणि प्रत्येक फासा आधीच्या फाशात अडकवत पुढे जातात. टाका वळवता येत असल्याने कारागीर वर्तुळ आतून बाहेर भरत नेतो, आणि म्हणूनच पाणवठ्यांची एकात एक वर्तुळे, वाटांच्या वळणदार रेषा, ‘यू’च्या आकाराने दाखवलेली बसलेली माणसे या टाक्यात फार सुंदर उतरतात. बोट फिरवले तर प्रत्येक वर्तुळाची कड वेगळी जाणवते. मात्र लव नसल्याने हा गालिचा पातळ असतो. खाली घसरणरोधक जाळी घातल्याशिवाय तो गुळगुळीत फरशीवर टाकू नये.

विणणाऱ्याचाही विचार करावा. भारत आणि नेपाळमध्ये विणलेल्या गालिच्यांवर ‘गुडवीव्ह’चे चिन्ह असेल तर बालमजुरीविरोधी तपासणीची काही हमी मिळते. कलावंताला न्याय आणि कारागिराला अन्याय, असा गालिचा मुलांच्या वर्गात शोभणारा नाही.

घरात, विशेषतः चपला दारातच काढण्याची आपली रीत जिथे पाळली जाते तिथे, लोकरीचा साखळी टाक्याचा किंवा गाठींचा गालिचा खुशाल घ्यावा. वर्गात पंचवीस मुले बुटांसह येतात, रंग सांडतो, दूध सांडते; तिथे परवानाप्राप्त चित्राचा, संस्थांच्या वापरासाठी बनवलेला नायलॉनचा गालिचाच टिकतो. त्याच्या अग्निसुरक्षेची आणि न घसरण्याची प्रमाणपत्रे मागून घ्यावीत.

चौथी पायरी : माप

मांडी घालून बसलेल्या मुलाला साधारण 50 ते 60 सेंटिमीटर चौरस जागा लागते. त्या हिशेबाने 3 बाय 2 मीटरच्या गालिच्यावर पंधरा ते वीस मुले बसतात, आणि तीस मुलांसाठी 4 बाय 3 मीटर लागतो. यार्निंग सर्कलसाठी, म्हणजे सगळ्यांनी गोल बसून एकेकाने बोलण्याच्या आणि इतरांनी ऐकण्याच्या मूळनिवासी रीतीसाठी, गोल गालिचा घेतात. तीन मीटर व्यासाच्या गालिच्याच्या कडेने, आतल्या बाजूला, पंधराएक मुले बसू शकतात. त्याहून मोठा वर्ग असेल तर गालिचा मधोमध ठेवून मुलांनी त्याच्या बाहेर बसावे. चित्रही सगळ्यांना दिसते. कागदाचे तुकडे जमिनीवर चिकटवून माप आधी करून पाहावे. घरातल्या बैठकीसाठी एवढेच पाहावे की सोफ्याचे निदान पुढचे पाय गालिच्यावर येतील, आणि चित्राचा मुख्य भाग टीपॉयखाली झाकला जाणार नाही.

पाचवी पायरी : वर्गात वापरणे

गालिचा अंथरला म्हणजे मूळनिवासी संस्कृतीचा विषय झाला, अशी समजूत करून घेऊ नये. पहिल्या दिवशी मुलांना कलावंताचे नाव सांगावे आणि ते नीट उच्चारावे. नकाशावर त्यांचे गाव दाखवावे. माहितीपत्रकात जेवढी कथा दिली आहे तेवढीच सांगावी; उरलेली कल्पनेने भरू नये, कारण काही भाग सांगण्याचा अधिकार केवळ ठरावीक माणसांनाच असतो आणि तो मुद्दाम बाहेर ठेवलेला असतो. चिन्हांचे अर्थही ठोकळेबाजपणे शिकवू नयेत. एकात एक वर्तुळे एका चित्रात पाणवठा असतात, दुसऱ्यात मुक्कामाची जागा. अर्थ त्या चित्राच्या कथेवरून ठरतो.

मुलांकडून ठिपक्यांची नक्कल करून घेण्याचा उपक्रम मला पटत नाही. त्याऐवजी मुलांनी आपला शाळेपर्यंतचा रस्ता वरून पाहिल्यासारखा, स्वतःच्या खुणांनी काढावा. त्यात वाळवंटी चित्रांची दृष्टी समजते आणि कोणाची कथा उचलली जात नाही. स्थानिक ज्येष्ठांना बोलावता आले तर फारच उत्तम. त्यांना मानधन द्यावे आणि ते शाळेच्या अंदाजपत्रकात आधीच धरावे.

झेंड्याचा मुद्दा वेगळा आहे. हॅरॉल्ड थॉमस यांनी आखलेल्या ॲबोरिजिनल ध्वजाचे हक्क 2022 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने घेतल्यापासून तो सर्वांना मोकळेपणाने वापरता येतो. तरी कोणताही ध्वज पायांखाली अंथरणे मला योग्य वाटत नाही.

सहावी पायरी : निगा

साखळी टाक्याच्या गालिच्यावर फिरत्या ब्रशचा व्हॅक्यूम कधीही चालवू नये. केवळ ओढणारी नळी वापरावी. एखादा धागा सुटून वर आला तर तो ओढू नये, कारण साखळीचे फासे एकातून एक सुटत जातात आणि वीतभर नक्षी क्षणात उसवते. सुईने धागा मागे ओवून पाठीवर टाचावा. काही सांडले तर कोरड्या सुती फडक्याने टिपावे, चोळू नये. मग थंड पाण्याने ओले केलेले फडके दाबावे. लोकरीला गरम पाणी, ब्लीच आणि धुण्याचा सोडा चालत नाही. दर सहा महिन्यांनी गालिचा फिरवून ठेवावा, म्हणजे ऊन आणि वर्दळ एकाच भागावर येत नाही. लोकर खाणारी अळी अंधारात, न हललेल्या जागी वाढते, म्हणून सोफ्याखालचा भाग उचलून पाहात जावा. मुंबई, कोकण किंवा गोव्याच्या घरी असा गालिचा आणला असेल, तर पावसाळ्यात सुती पाठीला बुरशी लागण्याची भीती खरी आहे. आषाढापूर्वीच तो पूर्ण वाळवून, सुती चादरीत गुंडाळून, जमिनीपासून उंच ठेवावा. प्लास्टिकमध्ये बांधू नये.

नवा गालिचा करून घ्यायचा असल्यास

शाळेच्या भिंतीवर ॲबोरिजिनल कलावंताचे चित्र असते आणि त्याचाच गालिचा करावा असे कोणाला तरी सुचते. चित्र विकत घेतल्याने त्याचा कॉपीराइट मिळत नाही. तो कलावंताकडे आणि मृत्यूनंतर 70 वर्षे वारसांकडे राहतो. म्हणून कलाकेंद्रामार्फत किंवा ‘कॉपीराइट एजन्सी’मार्फत लेखी परवाना घ्यावा. त्यात किती गालिचे, कोणत्या मापाचे, किती काळासाठी, मानधन किती, नाव कुठे विणले जाईल, आणि रंग बदलता येतील का, कडा कापता येतील का, हे सगळे असावे. गालिच्यांच्या खटल्यात काही चित्रांचा केवळ भागच घेतलेला होता, तरीही तो भंगच ठरला. विणकाम सुरू होण्यापूर्वी हातभर नमुना कलावंताला दाखवून त्यांचा होकार घ्यावा आणि त्यांनी एखादा भाग जमिनीसाठी नको म्हटले तर कारण न विचारता तो वगळावा.

आधीच घेतलेला गालिचा बनावट निघाला, तर तो वर्गातून काढावा आणि पालकांना व मुलांना कारण सांगावे. विक्रेत्याने खोटी माहिती दिली असेल तर पावती, माहितीपत्रक आणि छायाचित्रे जोडून इंडिजिनस आर्ट कोडकडे आणि ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. बिरूबीवरची कारवाई याच आयोगाने केली होती. तक्रारीत गालिच्याच्या चारही कोपऱ्यांची, पाठीची आणि लेबलाची छायाचित्रे असावीत, आणि विक्रेत्याशी झालेला पत्रव्यवहार तारखेनुसार लावलेला असावा.